कॅनरी व्हार्फ बांधणाऱ्या राइकमन कुटुंबाला बँकांनी हिशेब न बघता कर्ज कसं दिलं?

टेम्सकाठी

नमस्कार मंडळी,

माझं ऑफिस लंडनच्या कॅनरी व्हार्फमध्ये आहे. रोज ज्या इमारतीखालून जातो तिचं नाव 'वन कॅनडा स्क्वेअर'. डोक्यावर पिरॅमिड असलेला तो उंच टॉवर, फोटोत पाहिला असेलच. लंडनच्या जुन्या गोदीत कॅनडा कुठून आला, हा प्रश्न बरेच दिवस मनात होता. शेवटी एका रविवारी शोधायला बसलो.

निघालं ते असं. टोरंटोचे तीन भाऊ, आल्बर्ट, पॉल आणि राल्फ राइकमन. त्यांची कंपनी ऑलिंपिया अँड यॉर्क. शेअर बाजारात नोंदणी नाही, बाहेरचे भागधारक नाहीत, सगळं घरातलं. एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या बांधकाम-मालमत्ता कंपन्यांमध्ये गणना. कॅनरी व्हार्फचा प्रकल्प त्यांनी 1987 मध्ये हाती घेतला आणि 1992 च्या मे महिन्यात कंपनी कोसळली. तेव्हा एकूण कर्ज 18 अब्ज डॉलरच्या आसपास होतं म्हणतात.

कोसळण्याचं मला आश्चर्य नाही, बिल्डर बुडतातच. पण वाचलं ते असं, की यातल्या बहुतेक बँकांनी समूहाचा एकत्रित ताळेबंद कधी पाहिलाच नव्हता! मला इथे दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेताना पगाराच्या पावत्या, मालकाचं पत्र, आधीच्या घरमालकाची शिफारस, सगळं द्यावं लागलं. आणि यांना अब्जावधी नुसत्या नावावर? बँकेत काम केलेलं कुणी असेल तर जरा उलगडून सांगा.

बाणेदार

यात उलगडायचं काय? शंभर रुपये बुडवले तर बँक तुमच्या दारात, शंभर कोटी बुडवले तर तुम्ही बँकेच्या दारात आणि आत चहा. धागा संपला.

मंजुरीपत्र

बाणेदार, धागा संपवायची एवढी घाई कशाला? चहा आम्हीच मागवायचो, त्यामुळे मला बोलू द्या.

मी एका बँकेच्या कर्ज विभागात अख्खी नोकरी काढली. मोठ्या खात्यांचे प्रस्ताव तपासायचे, टिपण लिहायचं आणि वर पाठवायचं, हे काम. कोसळण्याची बातमी आली तेव्हा आमच्या विभागात त्यावर दिवसभर चर्चा झाली होती. तेव्हापासून हे प्रकरण मी जमेल तसं वाचत आले आहे.

आधी हे नाव कसं तयार झालं ते पाहा, नाहीतर बँका मूर्ख होत्या एवढंच हाती लागेल. वडील सॅम्युअल राइकमन मूळचे हंगेरीचे, अंड्यांचे घाऊक व्यापारी. तिथून व्हिएन्ना. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला तसं हे ज्यू कुटुंब पॅरिसला आलं, 1940 मध्ये पॅरिस पडायच्या बेतात असताना तिथूनही निघालं आणि मोरोक्कोतल्या टँजियरला पोचलं. टँजियर तेव्हा चलनाच्या उलाढालीचं मोठं केंद्र होतं. तिथे सॅम्युअल यांनी चलनाच्या व्यापारात जम बसवला. त्या धंद्यात कागद नंतर येतो, आधी शब्द. फोनवर भाव ठरला की ठरला. मुलं हे पाहत मोठी झाली. पन्नासच्या दशकात ती कॅनडात आली आणि फरशा-टाइल्स आयात करून विकू लागली.

टाइल्ससाठी गोदाम हवं होतं. कंत्राटदाराचा सर्वांत कमी भाव आला 1,25,000 डॉलर. पॉलना तो पटेना. त्यांनी स्वतः उभं राहून तेच गोदाम 70,000 मध्ये बांधलं. बांधकामाचा धंदा तिथून सुरू झाला. ही गोष्ट त्यांच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सांगतो, मीही सांगितली. पण बँकवाल्याच्या नजरेने त्यातला अर्थ वेगळा आहे. बाजार ज्या वस्तूला 1,25,000 म्हणतो ती यांना 70,000 ला पडते. म्हणजे 70,000 खर्च करून उभ्या केलेल्या वस्तूवर बाजारभावाने कर्ज काढता येतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा डोलारा त्याच्यावर आहे.

मग 1977. न्यूयॉर्क शहर दोनच वर्षांपूर्वी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन आलं होतं. कंपन्या शहर सोडून चालल्या होत्या, मॅनहॅटनमधल्या कार्यालयांना गिऱ्हाईक नव्हतं. अशा वेळी राइकमननी युरिस कंपनीच्या आठ गगनचुंबी इमारती एका झटक्यात घेतल्या, सुमारे 32 कोटी डॉलरला. त्यातही रोख थोडी, बाकीचं गहाण. लोकांना वाटलं, टोरंटोची ही साधी माणसं फसली. दहा वर्षांत त्या इमारतींची किंमत कित्येक पटींनी वाढली.

आता या क्षणी बँकेत काय होतं ते सांगते. प्रस्तावाच्या टिपणात एक परिच्छेद प्रवर्तकांविषयी असतो. नवा माणूस असेल तर तो परिच्छेद पानभर जातो, चौकश्या, हमीदार, जुनी खाती, सगळं. 'नाव' झालेल्या माणसाचा परिच्छेद एका ओळीत उरकतो: प्रवर्तकांची पत निर्विवाद. ती ओळ एका बँकेच्या टिपणात आली की दुसरी बँक तिचाच आधार घेते आणि तिसरी त्या दोघींचा. पहिलीने कशाच्या आधारावर लिहिलं होतं, हे कुणी विचारत नाही. विचारणारा अधिकारी कामाला उशीर लावतो म्हणून बदनाम होतो.

आणि राइकमनचं वागणं त्या ओळीला साजेसंच होतं, हेही खरं. दिलेला शब्द ते पाळत. भपका नाही, पार्ट्या नाहीत. शुक्रवारी सूर्यास्त झाला की शनिवार संपेपर्यंत त्यांच्या बांधकामावर काम बंद, कितीही घाईचं असो. धर्माचा नियम म्हणजे नियम. न्यूयॉर्कच्या कर्ज विभागातल्या माणसाला यातून काय दिसत असेल? जो माणूस शब्बाथसाठी क्रेन थांबवतो तो हप्ता बुडवणार नाही. असं टिपणात कुणी लिहीत नाही, पण सही करताना मनात असतं.

आता मूळ प्रश्न, ताळेबंद का मागितला नाही. मागायची गरजच वाटू नये अशी रचना होती. प्रत्येक इमारत वेगळ्या कंपनीत, प्रत्येकीवर वेगळं कर्ज, वेगळी बँक. बँकेला तिच्या इमारतीचे भाडेकरार दिसायचे, मूल्यांकन दिसायचं, तारण दिसायचं. आपलं कर्ज सुरक्षित आहे ना, मग बाकी घरात काय चाललंय याच्याशी आपल्याला काय करायचंय? डझनावारी बँका, प्रत्येकीच्या हातात एकेक पान, आणि अख्खी वही फक्त टोरंटोत तीन भावांकडे.

शेअर बाजारात नोंदणी असती तर वर्षाला एकदा तरी बेरीज छापावी लागली असती. कुणीतरी आगाऊ विश्लेषक उठून विचारता झाला असता, की या इमारतीवर काढलेलं वाढीव कर्ज गेलं कुठे?

कारण ते जात होतं पुढच्या प्रकल्पात. जुन्या इमारतीची किंमत वाढली की तिच्यावर पुन्हा कर्ज काढायचं, ती रक्कम नव्या प्रकल्पात 'स्वतःचं भांडवल' म्हणून घालायची, त्या भांडवलाकडे बघून नवी बँक पुढे कर्ज देते. नव्या बँकेच्या कागदावर प्रवर्तकाचा वाटा भक्कम दिसतो. तो वाटा दुसऱ्या बँकेकडून उसना आणलेला आहे, हे तिला दिसत नाही. बेकायदा यात काहीही नाही. किमती चढत्या असतील तोवर सगळे सुखी.

त्याच पैशातून इमारतींपलीकडेही हात पसरले. 1981 मध्ये अ‍ॅबिटिबी-प्राइस ही कागद कंपनी, 1985 मध्ये गल्फ कॅनडा ही तेल कंपनी. रॉबर्ट कँपो नावाच्या दुसऱ्या कॅनेडियन बिल्डरने अमेरिकेतली मोठमोठी डिपार्टमेंट स्टोअर्स कर्ज काढून घेतली होती. त्याला 1989 च्या सप्टेंबरात यांनी 25 कोटी डॉलर दिले. जानेवारी 1990 मध्ये त्याच्या दुकानांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या एका कर्जाबद्दल मला आजही नवल वाटतं. इतकी वर्षं बँकांना जे करायला लावलं, तेच त्यांनी स्वतः कँपोच्या बाबतीत केलं, नावाकडे बघून पैसे दिले.

कॅनरी व्हार्फबद्दल रात्री लिहिते. घरी पाहुणे आलेत.

विटामाती

वाचतोय, पुढील भागाच्या प्रतीक्षेत!

मी वास्तुविशारद आहे म्हणून एक भर घालतो. '70,000 चं गोदाम' ही नुसती दंतकथा नव्हे, त्यांना बांधकाम खरोखर कळायचं. टोरंटोच्या 'फर्स्ट कॅनेडियन प्लेस'चं (72 मजले, 1975) काम चालू असताना माल वर चढवण्याची व्यवस्था त्यांनी कारखान्यासारखी आखली होती. ट्रक थेट तळघरात यायचे, तिथे फिरत्या चकतीवर वळायचे आणि माल लगेच खास लिफ्टने ठरलेल्या मजल्यावर. उंच इमारतीच्या कामात मजुरांचे तासन् तास लिफ्टची वाट बघण्यात जातात. ज्याने साइटवर दुपार काढली आहे त्याला याची किंमत कळेल.

मात्र त्याच इमारतीला बाहेरून इटलीतला पांढरा करारा संगमरवर लावला होता. टोरंटोची थंडी, पातळ लाद्या. 2007 मध्ये वरून एक लादी खाली पडली. पुढे सगळा संगमरवर उतरवून काच लावली. तोवर राइकमन तिथले मालक राहिले नव्हते, भुर्दंड दुसऱ्यांनी भरला.

मंजुरीपत्र

विटामाती, चकतीची माहिती नवीन होती, आभार.

हं, लंडन. टेम्सकाठी, तुम्ही आज तिथे मेट्रोने सात-आठ मिनिटांत पोचत असाल, त्यामुळे 1987 चं चित्र डोळ्यांपुढे येणार नाही. गोद्या बंद पडलेल्या, आजूबाजूला पडीक जमीन, भुयारी रेल्वे नाही. होती ती डॉकलँड्स लाइट रेल्वे, तीही छोटेखानी. आधीच्या अमेरिकी गटाने प्रकल्पातून अंग काढलं आणि थॅचरबाईंच्या सरकारला कुणीतरी खंदा माणूस हवा होता. सरकारकडून सवलती भरपूर: तो भाग उद्योगांसाठी खास क्षेत्र म्हणून जाहीर झालेला, काही वर्षं स्थानिक कर माफ, बांधकामाचा खर्च आयकरात पूर्ण वजा. सही झाली जुलै 1987 मध्ये. ऑक्टोबरात जगभरचे शेअर बाजार आपटले.

पॉलना त्याची फिकीर नव्हती. न्यूयॉर्कला हडसनच्या काठी भराव घातलेल्या जागेवर त्यांनी वर्ल्ड फायनान्शियल सेंटर उभं केलं होतं, तेव्हाही लोक हसलेच होते. तिथे वापरलेली युक्ती अशी: मोठ्या कंपनीला म्हणायचं, तुमच्या जुन्या जागेची काळजी सोडा, ती आम्ही घेतो, तुम्ही फक्त या. अमेरिकन एक्सप्रेस, मेरिल लिंच अशी नावं त्यांनी तिथे आणली. हाच डाव लंडनला. भाडेकरूंच्या जुन्या भाडेकरारांची जबाबदारी स्वतःवर घेतली.

न्यूयॉर्कला हे चाललं कारण बाजार वर जात होता. जुनी जागा पुन्हा भाड्याने जायची, वर नफाही व्हायचा. लंडनला उलटं झालं. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून सिटी ऑफ लंडनने, म्हणजे शहराच्या जुन्या आर्थिक केंद्राच्या पालिकेने, स्वतःच्या हद्दीत बांधकामाचे नियम सैल केले आणि तिथेही नव्या कार्यालयांचा पूर आला. व्याजदर चढला, ऑक्टोबर 1989 पासून वर्षभर बँक ऑफ इंग्लंडचा दर 15 टक्के होता. भाडी घसरली. म्हणजे कॅनरी व्हार्फचे मजले रिकामे, आणि सोबत भाडेकरूंच्या जुन्या रिकाम्या जागांचं भाडंही गळ्यात. वर ज्युबिली लाइन ही भुयारी रेल्वे तिथवर यावी म्हणून 40 कोटी पौंडांचा वाटा कबूल केलेला.

तरीही एवढ्याने ते बुडाले नसते असं माझं मत आहे. इमारती खऱ्या होत्या, उत्तम होत्या, कुणी तिजोरी घेऊन पळालं नव्हतं. मरण आलं ते कर्जाच्या मुदतीतून. ऑलिंपिया अँड यॉर्क मोठ्या प्रमाणावर कमर्शियल पेपर विकायची. म्हणजे थोड्या महिन्यांची, कधी थोड्या आठवड्यांची उधारी, मुदत भरली की नवी घेऊन जुनी फेडायची. इमारतीचं भाडं तीस वर्षांत पैसा परत देणार, आणि उधारी पुढच्या महिन्यात परत मागायला येणार. असं चालतं, पण दर महिन्याला कुणीतरी नवा विश्वास ठेवायला तयार असेल तरच. आमच्याकडे प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवायचे, अल्पमुदतीच्या पैशातून यंत्र किंवा इमारत उभी करू देऊ नका.

फेब्रुवारी 1992 मध्ये कॅनडातल्या पतमापन संस्थेने त्यांचं मानांकन खाली आणलं आणि तो कागद घ्यायला कुणी पुढे येईना. मार्चमध्ये पॉल अध्यक्षपदावरून बाजूला झाले, बाहेरचा माणूस आणला. एप्रिलमध्ये जगभरचे बँकवाले टोरंटोला बोलावले गेले आणि त्यांच्यापुढे पहिल्यांदा सगळी बेरीज मांडली गेली. त्या हॉलमध्ये मी असते तर आकड्यांकडे नंतर पाहिलं असतं, आधी शेजारच्यांच्या चेहऱ्यांकडे. आपण एकटेच हुशार, आपलंच तारण पक्कं, असं समजून आलेले सगळे एका छताखाली!

14 मे ला कॅनडात आणि अमेरिकेत धनकोंपासून न्यायालयाचं संरक्षण मागितलं. लंडनला अकरा बँकांच्या गटाने आणखी पैसे ओतायला नकार दिला आणि 27 मे ला कॅनरी व्हार्फ बुडीत कंपनी सांभाळणाऱ्या प्रशासकांच्या हाती गेलं.

टेम्सकाठी

मंजुरीपत्र ताई, दंडवत! आज त्या टॉवरकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

दोन शंका. एक, म्हणजे खासगी असणं हाच दोष का? इथे तर ग्रोव्हनर घराणं आहे, वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकचं. मध्य लंडनमधल्या मेफेअर-बेलग्रेव्हियाची जमीन 1677 च्या एका लग्नातून आली आणि आजही कंपनी घरातलीच आहे. त्यांचं असं का नाही झालं? दुसरी, पॉल राइकमन नंतर परत आले असं कुठेतरी वाचलं, ते खरं का?

मंजुरीपत्र

दुसऱ्याचं उत्तर सोपं. खरं आहे. 1995 मध्ये सौदी राजपुत्र अल्वलीद आणि इतर काही गुंतवणूकदार जमवून पॉल यांनी कॅनरी व्हार्फ बँकांकडून परत मिळवलं, सुमारे 80 कोटी पौंडांना. पण या वेळी मालक म्हणून नाही, थोडा वाटा आणि चालवायची जबाबदारी. 1999 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, त्याच वर्षी ज्युबिली लाइनही तिथे पोचली. 2004 मध्ये मॉर्गन स्टॅन्लीच्या पुढाकाराने जमलेल्या गटाने ती घेतली. पॉल त्या विक्रीच्या विरोधात होते, पण हरले. 2013 मध्ये ते गेले. आता मालकी कतारचा सरकारी गुंतवणूक निधी आणि ब्रुकफील्ड ही गुंतवणूक कंपनी यांच्याकडे आहे. न्यूयॉर्कचं वर्ल्ड फायनान्शियल सेंटरही आज ब्रुकफील्ड प्लेस म्हणून ओळखतात. दोन्हीकडे दृष्टी पॉलची बरोबर ठरली आणि फळं दुसऱ्यांनी खाल्ली.

पहिली शंका चांगली आहे. ग्रोव्हनरांनी बेलग्रेव्हिया कशी वसवली ते पाहा. जमीन विकली नाही, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. घरं बांधायचा खर्च थॉमस क्यूबिटसारख्या कंत्राटदारांचा, जोखीमही त्यांची. मुदत संपली की जमीन घरासकट परत घराण्याकडे. तिथे घराणं कर्जदार नव्हतं, उलट तेच सगळ्यांकडून येणं वसूल करणारं. धोका त्यांना बँकेपेक्षा सरकारकडून होता. दुसऱ्या ड्यूकच्या मृत्यूनंतर, 1953 मध्ये, वारसाकरापोटी पिम्लिको हा शेजारचा भाग विकावा लागला. 1967 च्या कायद्याने भाडेपट्टेदारांना घरं विकत घ्यायचा हक्क मिळाला, त्याविरुद्ध ते थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 1986 मध्ये हरले. तरी टिकून आहेत.

म्हणून खासगी असण्याला मी दोष देणार नाही. घरच्या कंपनीला तिमाही नफ्याची घाई नसते, थांबता येतं. 1977 मध्ये न्यूयॉर्कला थांबायची हिंमत राइकमनकडे म्हणूनच होती. पण थांबायचं बळ स्वतःच्या पैशाने येतं. पुढच्या महिन्यात परत करायच्या पैशाने तीस वर्षं कसं थांबणार?

बाणेदार

बरं, चहाबद्दलचं विधान मागे घेतो. पण एक सांगा, आज एखाद्या खासगी बिल्डरकडे पैसे गुंतवायचे तर सामान्य माणसाला त्याची 'अख्खी वही' कुठे दिसणार?

मंजुरीपत्र

देशावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये खासगी मर्यादित कंपनीलाही कंपनीज हाउसकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाकडे, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, आणि तो संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. त्यासोबत 'चार्जेस'ची नोंद असते, म्हणजे कोणती मालमत्ता कुणाकडे गहाण आहे ते. टेम्सकाठी, तुमच्या घरमालकाची कंपनी असेल तर तिथे बघा, त्यानेही तुमच्या पगाराच्या पावत्या पाहिल्या आहेतच. अमेरिकेत खासगी कंपनीवर असे वार्षिक हिशेब जनतेपुढे मांडायची सर्वसाधारण सक्ती नाही.

पण नुसता एका कंपनीचा ताळेबंद काढून समाधान मानू नका. समूहातल्या कंपन्यांनी एकमेकींना काय दिलंय आणि कुणासाठी हमी दिली आहे, ते शेवटच्या पानांवरच्या बारीक अक्षरांतल्या टिपांमध्ये असतं. मी प्रस्ताव वाचायला तिथूनच सुरुवात करायचे. आणि वर्षभरात फेडायची देणी किती, हातात रोख किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा.

टेम्सकाठी

पाहिलं. घरमालकाच्या कंपनीवर तीन चार्जेस आहेत आणि गेल्या वर्षीचा हिशेब अजून दाखल केलेला नाही. :( डिपॉझिटचं काय करावं यावर नवा धागा काढतो.

मंजुरीपत्र

काढा. आणि त्यात आधी हे लिहा, की डिपॉझिट सरकारमान्य संरक्षण योजनेत ठेवलंय की नाही. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाडेकरारात घरमालकाला ते 30 दिवसांच्या आत ठेवावं लागतं. त्याचा कागद तुमच्याकडे असायला हवा.